चावडीवर कोणाचं वाचायचं?

(सोनारी, ता. परंडा, जि. धाराशिव येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय आहे ऑनलाइन खासगीपणा आणि त्याबाबत सरकारची जबाबदारी. विषय ऐकून काहींना वाटलं असेल, हा पुण्या-मुंबईचा विषय. परंड्याच्या माळावर याचं काय काम? आम्हाला आज नेमकी याच वाटण्याची चिकित्सा करायची आहे. कारण हे वाटणं फक्त आपलं नाही. दिल्लीत कायदा करणारे, मुंबईत योजना आखणारे आणि टीव्हीवर चर्चा करणारे, सगळे एक गोष्ट गृहीत धरून चालतात की खेड्यातल्या माणसाला खासगीपणाचं काही पडलेलं नाही. त्याला अनुदान हवं, विमा हवा, कर्जमाफी हवी. त्याच्या माहितीचं काय होतं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि आपणही मान डोलावतो. म्हणतो, 'कर नाही त्याला डर कशाला?'

आमचं म्हणणं थोडक्यात असं. हे खरं जनमत नाही. लोकांना कधी विचारलंच गेलं नाही, आणि त्यांच्या गप्प बसण्याला त्यांची संमती समजलं गेलं. त्या गैरसमजावर कायदा उभा राहिला, म्हणून त्यात एक मोठी फट राहिली आहे. माहिती जिथं घेतली जाते तिथं जबाबदार कोणी नाही, आणि जो जबाबदार आहे तो तिथं नाही.

आता एकेक पायरी चढू.

प्रथम शब्दच बघू. 'खासगी' हा शब्द आपल्याकडे आला तो राजवाड्यातून. दौलत वेगळी आणि खासगी वेगळी. 'खासगी' म्हणजे राजघराण्याचा स्वतःचा कारभार, स्वतःचं उत्पन्न. होळकरांची खासगी जहागीर प्रसिद्ध आहे. पलीकडच्या जामखेड तालुक्यातील चौंडीच्या लेकीनं, अहिल्यादेवींनी, खासगीच्या उत्पन्नातून देशभर घाट आणि मंदिरं बांधली, हे आपण सगळे जाणतो. म्हणजे शब्दाच्या जन्मापासून खासगी असते ती राजाला. रयतेचं सगळं उघड. तिची जमीन किती, बैल किती, देणं किती, हे दप्तरात लिहिलेलंच असायचं.

हा जुना अर्थ 24 ऑगस्ट 2017 रोजी कायद्यापुरता तरी उलटला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. संविधानाच्या कलम 21 मधील जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातच तो अंतर्भूत आहे. त्या सुनावणीत सरकारच्या बाजूने असाही सूर लागला होता की खासगीपणा ही उच्चभ्रूंची चिंता आहे, गरीब देशाला ती परवडायची नाही. न्यायालयाने हा युक्तिवाद स्पष्ट फेटाळला. गरिबाला फक्त भाकर हवी, हक्क नकोत, असं म्हणून इतिहासात मोठमोठे अन्याय झाले आहेत, असा त्या निकालाचा आशय आहे. आम्हाला तो भाग सगळ्या निकालात मोलाचा वाटतो. खासगी राजवाड्यातून निघून झोपडीपर्यंत आली, ती तिथं.

खरं तर ती आधीही येऊ शकली असती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1947 साली मूलभूत हक्कांचा जो आराखडा मांडला, त्यात माणसाचं शरीर, घर आणि कागदपत्रं यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण असावं, असं कलम होतं. घटनेच्या अंतिम मसुद्यात ते राहिलं नाही. ही मागणी उच्चभ्रूंची होती असं कोणी म्हणेल का? ज्याला गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्या समाजातून आलेल्या माणसाची ती मागणी होती.

इथं कोणीतरी म्हणेल, 'सर, गावात कसला आलाय खासगीपणा? इथं शिंकलं तरी पलीकडच्या आळीला कळतं.' बरोबर आहे. पण आपण जरा बारकाईनं बघू. गावात माझं तुम्हाला कळतं, तसं तुमचं मला कळतं. माझ्यावर सोसायटीचं कर्ज आहे हे तुम्ही जाणता, आणि तुमच्या पोराची सोयरीक का मोडली ते मी जाणतो. हे जाणणं दुहेरी असतं, म्हणून त्याला एक वेसण असते. जाणणारा दिसतो. उद्या त्याच्याशी पारावर गाठ पडणार असते. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण गावानंच घडवली आहे. गावाला झाकण्याची किंमत ठाऊक नसती, तर ही म्हण आली कुठून?

मात्र गावाच्या या नजरेचं आम्ही कौतुक करणार नाही. तीच नजर दलित वस्तीवर जरबेची असते, तरुण मुलीवर पाळतीची असते, नवऱ्यानं टाकलेल्या बाईवर संशयाची असते. म्हणून तर या माणसांना खासगीपणाची गरज जास्त. 'कर नाही त्याला डर कशाला' ही म्हण बलवंताच्या तोंडी शोभते. दुबळ्याला काही न करताही डर असते, हे आपण रोज पाहतो.

आता या भागातलं उदाहरण घेऊ. 2017 साली राज्य सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणली, दीड लाखापर्यंतची कर्जमाफी. अर्ज ऑनलाइन. कुटुंब हा घटक धरलेला, म्हणून नवरा-बायको दोघांचा आधार क्रमांक. केंद्रांवर रांगा लागल्या. आणि पुढे त्या अर्जदारांच्या याद्यांचं चावडीवाचन झालं. हेतू वाईट नव्हता. खोटा लाभार्थी असेल तर गाव ओळखेल, असा तो विचार. पण ज्या जिल्ह्यात कर्जापायी माणसं गळफास घेतात, जिथं कर्ज ही आकड्यापेक्षा अब्रूची गोष्ट आहे, तिथं कर्जदाराचं नाव भर चावडीवर वाचलं जाणं म्हणजे काय, याचा विचार किती झाला? बुडव्या उद्योगपतीच्या नावाची चावडी कोणत्या बँकेनं वाचली?

दुसरं उदाहरण सातबाऱ्याचं. पूर्वी सातबारा तलाठ्याच्या दप्तरात असायचा. आज महाभूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की विनास्वाक्षरीचा उतारा कुणालाही दिसतो. नाव, क्षेत्र, 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा. याचा फायदा मोठा आहे. हेलपाटे वाचले, चिरीमिरी वाचली. जमीन घेणाऱ्याला बोजा कळलाच पाहिजे, हेही खरं. पण एक फरक आपल्या लक्षात येत नाही. तलाठ्याकडे कोण उतारा मागायला आला, ते गावाला दिसायचं. आता बघणारा दिसत नाही. तो सावकार असेल, दलाल असेल, कुठल्या तरी शहरात बसलेला ठक असेल. मग एक दिवस फोन येतो. समोरचा तुमचं नाव सांगतो, गट नंबर सांगतो, बँकेचं नाव सांगतो आणि ओटीपी मागतो. म्हातारा विश्वास ठेवतो, कारण 'त्याला सगळं ठाऊक होतं'. खासगीपणा गेला की काय जातं, असं विचारणाऱ्याला याहून सोपं उत्तर नाही.

तर मग सगळं झाकून टाकायचं का? मुळीच नाही. उघडेपणानं गरिबाला किती दिलंय ते आपण मराठवाड्यातली माणसं चांगलं जाणतो. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमी वाढली, तिचा पुढे 1977 साली कायदा झाला. त्या कामांवर हजेरीपट उघड असणं हे मजुराचं शस्त्र होतं. बोगस नावं त्यामुळेच सापडली. अलीकडे कुणबी नोंदी शोधण्यासाठी मोडी आणि उर्दूतली जुनी दप्तरं बाहेर काढली, स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकली. पूर्वजांची जात जगजाहीर झाली, पण लोकांनी तक्रार केली नाही. त्यांनी ती मागणीच केली होती, कारण तो त्यांच्या दाव्याचा पुरावा होता.

यातून एक निकष निघतो. माझी माहिती उघड झाल्यानं सत्तेला जाब विचारता येत असेल, तर तो उघडेपणा माझ्या कामाचा. माझी माहिती उघड झाल्यानं मीच कोणाच्या तरी हाती सापडत असेन, तर तो उघडेपणा माझ्या विरोधातला. सत्तेचं उघडं असावं, माणसाचं झाकलेलं असावं. लोक हा भेद मनात करतात. त्यांच्या मताला बेफिकिरी म्हणणं हा ऐकणाऱ्याचा दोष आहे.

आता जनमत कसं अजमावलं गेलं ते पाहू. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने 2018 च्या जानेवारीत जाहीर बैठका घेतल्या, त्या दिल्ली, हैदराबाद, बंगळुरू आणि मुंबई इथे. परंडा सोडा, एकही जिल्ह्याचं ठिकाण त्यात नाही. 2019 चं विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेलं आणि ऑगस्ट 2022 मध्ये मागे घेतलं गेलं. मग त्याच वर्षी नोव्हेंबरात नवा मसुदा आला. त्यावर लोकांच्या सूचना मागवल्या आणि सोबतच सांगितलं की आलेल्या सूचना जाहीर केल्या जाणार नाहीत. बघा गंमत! लोकांच्या खासगीपणाचा कायदा करताना सरकारनं सगळ्यात काटेकोर गुप्तता पाळली ती जनमताबाबत.

जॉन ड्यूई हा अमेरिकन तत्त्वज्ञ कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचा गुरू. 1927 च्या आपल्या पुस्तकात त्याने 'लोक' म्हणजे काय याचा विचार केला आहे. त्याचं म्हणणं आमच्या शब्दांत असं: दोघांच्या व्यवहाराचे परिणाम तिसऱ्याला भोगावे लागतात, आणि त्या तिसऱ्यांना आपण एकाच परिणामाचे धनी आहोत हे उमगतं, तेव्हा 'लोक' तयार होतात. हे उमगायला परिणाम दिसावे लागतात, एकमेकांना सांगावे लागतात. फसवणूक झालेला माणूस लाजेनं गप्प बसला, तर लोक तयारच होत नाहीत. मतं असतात, पण जनमत होत नाही.

आणि अंगठा म्हणजे मत नव्हे. आधारचा पहिला क्रमांक देशात दिला गेला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात, 29 सप्टेंबर 2010 रोजी. तेव्हापासून आजपर्यंत आपण किती वेळा अंगठा लावला? रेशनला, पीएम किसानला, पीक विम्याला, कर्जमुक्तीला. आता ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक आहे. 'लाडकी बहीण'च्या ई-केवायसीत बाईच्या जोडीला नवऱ्याचा किंवा बापाचा आधार क्रमांक मागितला गेला. ज्याच्याशी बोलचालही उरलेली नाही अशा नवऱ्याचा आधार क्रमांक मागायला बाईनं कोणत्या तोंडानं जायचं? 'नाही' म्हणण्याची सोय नसते, तिथल्या 'हो'ला संमती म्हणत नाहीत. तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही आम्ही हे शिकवत आलो.

आता कायदा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. त्यातील बहुतेक बंधने टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत. या कायद्याचं चांगलं ते आधी सांगतो. माहिती घेणाऱ्याला त्यानं 'विश्वस्त' या अर्थाचं नाव दिलं आहे. हा शब्द मोठा आहे. घेतलेली माहिती त्याच्या मालकीची नाही, ठेव आहे, असा त्याचा भाव. संमती मागताना द्यायची सूचना आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मागण्याचा हक्क दिला आहे. चूक केल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

पण जरा पुढे वाचा. शासनाकडून अनुदान, लाभ, दाखला, परवाना मिळवायचा असेल, तिथं कलम 7 प्रमाणे संमतीची वेगळी गरज नाही. म्हणजे गावातल्या माणसाचा नव्वद टक्के व्यवहार, हा आकडा बोलण्यातला समजा, जिथं होतो, तिथंच तो मराठी संमतीपत्राचा हक्क लागू नाही. नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीत शासनाने पाळायचे काही दंडक आहेत, हे मान्य. पण कलम 17 खाली केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना कायद्यातूनच सूट देऊ शकते. स्वतःला हिशेबातून मोकळं करू शकणाऱ्याला विश्वस्त कसं म्हणायचं? दंड झालाच, तर तो भारताच्या संचित निधीत जमा होणार. ज्याची माहिती फुटली त्याला काय? जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम 43अ खाली भरपाईची वाट होती. ती हा कायदा काढून टाकतो. उलट नागरिकाची कर्तव्यं मात्र सांगितली आहेत, आणि ती मोडली तर 10,000 रुपयांपर्यंत दंड!

अजून एक. याच कायद्यानं माहिती अधिकाराच्या कलम 8(1)(ञ) ला हात घातला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हे तिथंच तपासावं लागे. आता 'वैयक्तिक' एवढं म्हटलं की भागतं. कलम 8(2) मधील व्यापक जनहिताची वाट शिल्लक आहे, असं सरकार सांगतं. आहे, पण ती अवघड आहे, आणि ओझं मागणाऱ्याच्या डोक्यावर आलं. मघाचा निकष इथं लावा. शेतकऱ्याचा बोजा जगाला दिसतो आणि अधिकाऱ्याचं वैयक्तिक म्हणून झाकलं जातं. खासगी पुन्हा राजवाड्यात निघाली.

आता सरकारचे तीन मजले. पोलीस आणि स्थानिक स्वराज्य हे विषय राज्यसूचीत आहेत, टेलिफोन-दूरसंचार केंद्राकडे. माहितीचं संरक्षण हा विषय तिन्ही सूच्यांत कुठेच नाही, 1950 साली असण्याचं कारणही नव्हतं. मग झालं काय? कायदा केंद्राचा, तक्रार ऐकणारं मंडळ केंद्राचं आणि तेही ऑनलाइन चालणारं. योजना राज्याच्या, अर्जांचे नमुने राज्याचे. आणि प्रत्यक्ष माणूस, त्याचा अंगठा, त्याची झेरॉक्स हे सगळं ग्रामपंचायतीत, आपले सरकार सेवा केंद्रात. तिथं बसलेला संगणकपरिचालक तुटपुंज्या मानधनावर, आणि त्या मानधनासाठीही वारंवार आंदोलनं करणारा. त्याच्या टेबलाखालच्या खोक्यात अख्ख्या गावाचे आधार क्रमांक पडलेले असतात. गंमत अशी की आधार कायद्याच्या कलम 29 प्रमाणे तो क्रमांक जाहीर करायलाच मनाई आहे. 'राज्य' या शब्दाच्या घटनेतील व्याख्येत ग्रामपंचायतही येते. म्हणजे कागदावर तीही विश्वस्त. पण तिला ना प्रशिक्षण, ना कुलपाचं कपाट.

वरच्या मजल्यांचंही एकमत नसतं. मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयाने लोकांना सांगितलं की आधारची झेरॉक्स कुठंही देऊ नका, अर्धा क्रमांक झाकलेली प्रत द्या. सल्ला शहाणपणाचा होता. दोनच दिवसांत केंद्र सरकारने तो मागे घेतला; लोकांचा गैरसमज होईल, हे कारण. जे शहाणपण दिल्लीत दोन दिवस टिकत नाही, ते गावच्या केंद्रचालकानं कुठून आणायचं?

यावर एक आक्षेप रास्त आहे. देशभर एकच कायदा हवा. प्रत्येक राज्यानं, पंचायतीनं वेगळे नियम केले तर गोंधळ होईल. आम्हाला मान्य आहे. नियम एकच असू द्या. पण उत्तरदायी माणूस जवळचा हवा. फौजदारी कायदाही देशभर एकच आहे, म्हणून तक्रार द्यायला आपण दिल्लीला जात नाही. परंड्याच्या ठाण्यात जातो.

आणि हे जमण्यासारखं आहे. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं आपल्या राज्यात सेवा किती दिवसांत मिळेल, पदनिर्देशित अधिकारी कोण, पहिलं आणि दुसरं अपील कोणाकडे, हे कार्यालयात फलकावर लिहायला लावलं. त्याच फलकावर राज्य सरकारनं आणखी तीन ओळी लिहायला लावाव्यात: या कामासाठी कोणती माहिती घेतो, ती किती दिवस ठेवतो, फुटली तर कोणाला जाब विचारायचा. केंद्रानं मंडळाची दारं जिल्ह्यापर्यंत आणावीत आणि पीडिताला भरपाई द्यावी. सातबारा कोणी पाहिला, त्याची नोंद खातेदाराला दिसावी. आधारधारकाला आपलं प्रमाणीकरण कधी झालं ते आज पाहता येतंच. तर मग जमिनीबाबत का नको?

राहिली ग्रामपंचायत. तिच्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट बघायला नको. ग्रामसभेत ठराव करा. वर्षातून एकदा चावडीवाचन व्हावं, पण ते कर्जदारांच्या नावांचं नको. या वर्षात आपल्या गावातून कोणत्या खात्यानं कोणती माहिती नेली, कशासाठी नेली, जुन्या झेरॉक्सचं काय केलं, किती जणांची ऑनलाइन फसवणूक झाली आणि 1930 या क्रमांकावर तक्रार केल्यावर पुढं काय झालं, हे वाचावं. फसलेल्यांची नावं नकोत, आकडा पुरे. आपण एकटे फसलो नाही हे कळलं की लाज कमी होते आणि माणसं बोलू लागतात. ड्यूई ज्याला 'लोक' म्हणतो ते असे तयार होतील, आणि मग सोनारीचं मत काय, ते कुणाला गृहीत धरावं लागणार नाही.

सोनारी ही काळभैरवनाथाची. काळभैरवाला काशीचा कोतवाल म्हणतात. गावचा कोतवाल दवंडीही देई आणि राखणही करी. आज सरकार आपल्या नावाची दवंडी देण्यात तरबेज झालं आहे. राखणीचं काम कोणाचं, एवढाच प्रश्न येत्या ग्रामसभेत विचारा. उत्तर लेखी मागा.